प्रतिकार आणि विवेक : आतड्याच्या दाहविकारांतील पेशींची भूमिका

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



व्याख्यानमालेचे निमंत्रण देताना कार्यवाहांनी विषयाचे स्वातंत्र्य मला दिले होते. मराठीचा अध्यापक संतसाहित्यावर किंवा कादंबरीवर बोलेल, अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असणार. मी मात्र आज आतड्याच्या दाहाविषयी आणि त्या दाहात शरीराच्या रक्षक पेशी कोणते काम करतात याविषयी बोलणार आहे. मी वैद्य नाही. परंतु या विषयाच्या मुळाशी एक शब्द आहे, आणि शब्दांचा विचार करणे हा माझा व्यवसाय आहे. शिवाय आपण वडोदऱ्यात आहोत. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन यांना अमेरिकेहून बोलावून येथील सार्वजनिक ग्रंथालयांची घडी बसवली, ती ज्ञान सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोहोचावे म्हणून. तेव्हा शरीरशास्त्रातील एक गहन प्रश्न मराठीत मांडण्यासाठी ग्रंथालयाच्या सभागृहाहून योग्य जागा कोणती?

तो शब्द आहे 'प्रतिकारशक्ती'. या शब्दातील 'शक्ती' आपल्या विचारावर नकळत राज्य करते. शक्ती म्हटली की ती कमी असते किंवा अधिक असते. कमी असणे वाईट आणि अधिक असणे चांगले. २०२० च्या महासाथीपासून तर प्रतिकारशक्ती 'वाढवणारे' काढे, चूर्णे आणि गोळ्या यांनी दुकानांची फळकुटे भरून गेली. वाढवणे म्हणजे नेमके काय वाढवणे आणि वाढवले तर काय होईल, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. आतड्याचे दाहविकार हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते उत्तर फार कठोर आहे.

या गटात मुख्यतः दोन विकार येतात. पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला दाह होऊन व्रण पडतात. आरंभ गुदाशयापासून होतो आणि दाह तेथून सलग वर चढत जातो. लंडनच्या सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ मध्ये एका रुग्णाचे शवविच्छेदन करून या विकाराचे वर्णन केले. दुसरा क्रोन्सचा विकार. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो. बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होतो. मधले भाग निरोगी सोडून तो ठिकठिकाणी उमटतो आणि आतड्याच्या भिंतीत आरपार शिरतो. त्यामुळे आतडे आकसते, कधी भगंदर होतो. न्यूयॉर्कमधील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये १४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यांतील पहिले नाव विकाराला चिकटले. ग्लासगोच्या केनेडी डॅलझील यांनी १९१३ मध्येच असे रुग्ण नोंदवले होते. नामकरणाचा मान मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही. हे विकार पाश्चात्त्यांचे, असे दीर्घकाळ मानले गेले. गेल्या काही दशकांत भारतातही त्यांचे रुग्ण वाढत्या संख्येने आढळत आहेत. आपल्याकडे पहिल्या विकाराचे प्रमाण अधिक आहे.

हे विकार बहुधा ऐन तारुण्यात गाठतात. माझ्या वर्गातील एक हुशार विद्यार्थिनी नेहमी दाराजवळच्या बाकावर बसत असे आणि तास चालू असताना न विचारता बाहेर जात असे. दिवसातून दहा-दहा वेळा शौचास जावे लागते, त्यात रक्त पडते, हे ती घरीही सांगू शकली नव्हती. सांगितले तेव्हा शेजारणींनी मूळव्याधीचे औषध सुचवले. पुढे निदान झाले, उपचारही सुरू झाले. पण तोवर पावणेदोन वर्षे गेली होती. उपचार सुरू झाल्यावरही आप्तांचा सल्ला एकच होता : 'तुझी प्रतिकारशक्ती कमी झाली आहे, ती वाढव.' डॉक्टरांची औषधे नेमकी उलट दिशेने काम करीत होती. त्या मुलीने कोणाचे ऐकायचे? एका शब्दाच्या चुकीच्या अर्थाने रुग्णाचे किती नुकसान होऊ शकते, हे मी तेव्हा पाहिले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आतडे ही शरीरातील विलक्षण जागा आहे. पचनमार्गाचे आतले पृष्ठफळ उलगडून पसरले तर ते सुमारे ३० चौरस मीटर भरते. या विस्तीर्ण पृष्ठभागावर बाहेरचे जग आणि आपले रक्त यांच्यामध्ये पेशींचा केवळ एकपदरी थर असतो आणि तो थरही चार-पाच दिवसांत झिजून नवा होतो. पलीकडे, विशेषतः मोठ्या आतड्यात, जीवाणूंची अफाट वस्ती असते. मानवी शरीरातील जीवाणूंची संख्या सुमारे ३८ लाख कोटी, म्हणजे साधारणपणे शरीराच्या स्वतःच्या पेशींइतकीच, असा २०१६ मधील एक अंदाज आहे. यांतील बहुतेक जीवाणू निरुपद्रवी, अनेक उपकारक. ते आपल्याला न पचणारे तंतू पचवतात आणि त्यातून अस्तराच्या पेशींना पोषण मिळते. शिवाय दररोज परके अन्न येत असते. आणि याच गर्दीतून कधीतरी विषमज्वराचा किंवा आमांशाचा जंतूही येतो.

आतड्याच्या भिंतीत पहारा करणाऱ्या पेशींपुढील पेच आपल्या लक्षात आला असेल. त्यांनी प्रत्येक परक्यावर तुटून पडायचे ठरवले तर आतडे अखंड पेटत राहील. कोणावरच हात उचलला नाही तर पहिल्याच जंतूने शरीर गिळंकृत होईल. त्यांना दिवसरात्र पारख करावी लागते. जुन्या गावगाड्यातील जागल्याची आठवण येथे होते. गावात शिरणाऱ्या प्रत्येकावर काठी उगारणारा जागल्या गावाच्या काय कामाचा? पाहुणा कोण, फेरीवाला कोण आणि दरोडेखोर कोण, हे ज्याला अंधारात कळते तोच खरा जागल्या.

या पारखी पेशींपैकी पहिल्या म्हणजे भक्षक पेशी. रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी काट्याभोवती जमलेल्या भटक्या पेशी पाहिल्या. परक्याला गिळून टाकणाऱ्या पेशींचा सिद्धांत येथून जन्मला. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पाउल एर्लिश यांच्यासमवेत मिळाले. शरीर स्वतःविरुद्ध शस्त्र उचलण्यास कचरते, असे एर्लिश यांचे प्रतिपादन होते. एकाने प्रहार पाहिला, दुसऱ्याने संयमाची गरज ओळखली. आपल्या विषयाची दोन्ही टोके त्या एका पारितोषिकात एकत्र आली होती. निरोगी आतड्यातील भक्षक पेशींचे वैशिष्ट्य असे की त्या भिंत ओलांडून आलेल्या जीवाणूला गिळतात, मारतात, पण आरडाओरड करीत नाहीत. अन्यत्र अशा पेशी जंतू गिळताच दाहाचे रासायनिक संदेश सोडतात. आतड्यातील भक्षक पेशी ते काम गुपचूप उरकतात.

दुसऱ्या डेन्ड्रायटिक पेशी. झाडाच्या फांद्यांसारखे हात असलेल्या या पेशी राल्फ स्टाइनमन आणि झानव्हिल कोन यांनी १९७३ मध्ये ओळखल्या. त्यांचे काम वार्ताहराचे. आतड्यातील पदार्थांचे आणि जीवाणूंचे नमुने घेऊन त्या जवळच्या लसिका ग्रंथींत जातात आणि तेथील टी पेशींना ते दाखवतात. दाखवताना त्या कोणते संदेश जोडतात, त्यावर पुढचे सारे अवलंबून असते. शांततेच्या काळात त्या अ जीवनसत्त्वापासून बनवलेले एक द्रव्य आणि इतर काही संदेश देऊन टी पेशींना सहनशीलतेचा धडा देतात. संकटाचा वास आला तर त्याच पेशी लढाऊ टी पेशी घडवतात.

बी पेशींपासून तयार होणाऱ्या पेशी प्रतिपिंडे बनवतात. असे उत्पादन करणाऱ्या पेशींची शरीरातील सर्वांत मोठी वस्ती आतड्यात आहे. तेथे दररोज काही ग्रॅम आयजीए नावाचे प्रतिपिंड पाझरते. ते जीवाणूंना वेढून भिंतीपासून दूर ठेवते; बहुधा त्यांना न मारता आणि दाह न पेटवता.

सर्वांत महत्त्वाच्या, आणि सर्वांत उशिरा ओळख पटलेल्या, म्हणजे नियामक टी पेशी. इतर टी पेशींना आवर घालणे हेच त्यांचे काम. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये अशा पेशींची खूण दाखवून दिली. अमेरिकेत मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये एका आजारी उंदराच्या जातीवरून त्यामागील फॉक्सपी-३ हे जनुक शोधले. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या बालकांत हे जनुक बिघडलेले असते, त्यांना जन्मानंतर लवकरच भयंकर अतिसार, मधुमेह आणि त्वचेचा दाह होतो. त्या बालकांची प्रहार करण्याची शक्ती शाबूत असते. नाहीशी झालेली असते ती आवर घालणारी पेशी.

मग दाहविकारात बिघडते काय? अस्तराचा थर सैल होतो, श्लेष्म्याचे आवरण विरळ होते, जीवाणू भिंतीला भिडतात. शांत भक्षक पेशींच्या जोडीला रक्तातून नव्या, अननुभवी पेशी येतात आणि त्या संयम शिकण्याआधीच टीएनएफ, इंटरल्यूकिन-२३ असे दाहाचे संदेश सोडू लागतात. डेन्ड्रायटिक पेशींचा निरोप बदलतो. लढाऊ टी पेशी वाढतात आणि नियामक पेशींचा आवाज त्या गोंगाटात ऐकू येईनासा होतो. रक्तातून न्यूट्रोफिल पेशींचे थवे येतात, अस्तरातील सूक्ष्म ग्रंथींत शिरतात आणि आपल्या जहाल द्रव्यांनी जंतूंबरोबर अस्तरही जाळतात. याच पेशींतील कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन शौचात मोजून आज दाहाचा अंदाज घेतात. अस्तर जळाले की आणखी जीवाणू आत येतात. ते आले की आणखी पेशी धावतात. दाहातून दाह पेट घेतो. खऱ्या जंतूविरुद्ध असे घडले असते तर काही दिवसांत शत्रू संपला असता आणि आग विझली असती. येथे 'शत्रू' म्हणजे आतड्याचे कायमचे रहिवासी. ते संपणार कसे? शरीर स्वतःवरच हल्ला करते, असे या विकाराचे वर्णन सर्रास केले जाते. अधिक नेमके बोलायचे तर शरीर आपल्या शेजाऱ्यांशी युद्ध पुकारते आणि त्या युद्धात स्वतःचे घर जाळून घेते.

याला पुरावा काय, असे आपण विचाराल. १९९३ मध्ये फिओना पाउरी यांनी टी पेशींचा एकच गट, नियामक पेशी वगळून, प्रतिकारहीन उंदरांना दिला. त्यांना आतड्याचा दाह झाला. वगळलेला गटही बरोबर दिला, तेव्हा दाह टळला. त्याच वर्षी जर्मनीत इंटरल्यूकिन-१० हा शमनाचा संदेश बनवू न शकणारे उंदीर तयार करण्यात आले. त्यांनाही दाह झाला. पुढे असेच उंदीर पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवले, तर त्यांची आतडी निरोगी राहिली. म्हणजे आग लागण्यास जीवाणूंची उपस्थिती आणि आवर घालणाऱ्या यंत्रणेची अनुपस्थिती, दोन्ही लागतात. माणसांतही २००९ मध्ये असे प्रत्यंतर आले. इंटरल्यूकिन-१० चा संदेश ऐकूच न शकणाऱ्या पेशी घेऊन जन्मलेल्या बालकांत अतितीव्र दाहविकार आढळला, आणि अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाने, म्हणजे नव्या पेशी मिळताच, तो आटोक्यात आला.

त्याहून विस्मयकारक गोष्ट २००१ मध्ये उघड झाली. क्रोन्सच्या विकाराशी निगडित असे पहिले जनुक, नॉड-२, सापडले. ते जीवाणूंची चाहूल घेणारे जनुक आहे आणि त्यातील दोषाने ही जाणीव बोथट होते. अर्थात काही रुग्णांत दाहाची सुरुवात प्रतिकाराच्या अतिरेकातून न होता त्याच्या उणिवेतून होत असावी : पहिल्या फळीने वेळीच ओळखले नाही, म्हणून मागच्या फळीने थैमान घातले. गंमत अशी की युरोपीय रुग्णांतील ते विशिष्ट दोष जपान व चीनमधील रुग्णांत आढळले नाहीत. आज या विकारांशी संबंधित जनुकस्थाने दोनशेहून अधिक ज्ञात आहेत. एकाच नावाखाली अनेक वाटा आहेत, आणि 'कमी' व 'अधिक' हे दोनच शब्द येथे तोकडे पडतात.

उपचारांचा इतिहासही हेच शिकवतो. ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये कॉर्टिसोनने कोलायटिसचा झटका शमतो हे पद्धतशीर चाचणीने सिद्ध केले. पण ते औषध सर्वच पेशींना दडपते. दीर्घकाळ घेतले तर हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. १९९८ मध्ये अमेरिकेत टीएनएफ या एकाच संदेशाला अडवणाऱ्या इन्फ्लिक्झिमॅब या औषधाला क्रोन्ससाठी मान्यता मिळाली, आणि कित्येक रुग्णांचे बुजलेले जीवन पुन्हा उघडले. तरीही जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांत त्याचा प्रथमपासूनच पुरेसा परिणाम होत नाही. २०१४ मध्ये आलेले व्हेडोलिझुमॅब आणखी नेमके : ते पेशींना मारत नाही, संदेशही पुसत नाही, आतड्याकडे निघालेल्या पेशींना फक्त आतड्याच्या वेशीवर थांबवते. याउलट इंटरल्यूकिन-१७ हा दाहात भरपूर आढळणारा संदेश अडवून पाहिला, तेव्हा अपेक्षा मोठी होती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्रोन्सच्या रुग्णांना लाभ झाला नाही. काहींचा आजार बळावला. कारण तोच संदेश अस्तराची डागडुजीही करीत होता. आगीच्या ठिकाणी सापडलेला प्रत्येक जण आग लावणारा नसतो, विझवणाराही असू शकतो.

आपल्या देशात या साऱ्याला आणखी एक पदर आहे, तो क्षयरोगाचा. आतड्याचा क्षय आणि क्रोन्सचा विकार इतके सारखे दिसतात की अनुभवी डॉक्टरांचीही कसोटी लागते. दोन्हींत आतड्याच्या त्याच भागात व्रण पडतात आणि दोन्हींत पेशींच्या सूक्ष्म गाठी आढळतात. क्षयाच्या गाठीत भक्षक पेशी जंतूंना वेढा घालून वर्षानुवर्षे कोंडून ठेवतात, आणि तो वेढा टिकतो टीएनएफच्या आधारावर. टीएनएफ अडवणारे औषध दिल्यावर सुप्त क्षय उसळल्याचे २००१ मध्येच नोंदवले गेले. म्हणून असे औषध सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी करतात. एकच रेणू एका रोगात जाळणारा आणि दुसऱ्या रोगात राखणारा. त्याला चांगला म्हणावे की वाईट?

श्रोतेहो, आता मी आरंभीच्या शब्दाकडे येतो. 'प्रतिकारशक्ती' हा शब्द आता रुळला आहे. तो बदला, असा आग्रह मी धरणार नाही. भाषा अशा आग्रहांनी बदलत नाही. परंतु तो शब्द उच्चारताना त्यामागे 'विवेक' हा दुसरा शब्द मनात ठेवावा, एवढीच विनंती आहे. आपल्या संतपरंपरेने विवेकाला निवड करण्याचे सामर्थ्य मानले : सार आणि असार वेगळे करणे, कोठे थांबावे हे कळणे. आतड्यातील पेशी अक्षरशः तेच करतात. ओळखणे, मोजून वार करणे आणि काम होताच थांबणे, या तिन्ही गोष्टी साधल्या तर आरोग्य. यांतील एकही ढळली तर शक्ती कितीही असो, तीच रोग होते.

या विवेचनातून व्यवहारात तीन गोष्टी निघतात. शौचावाटे रक्त जात असेल किंवा जुलाब काही आठवडे थांबत नसतील, तर मूळव्याध समजून घरगुती उपायांत महिने घालवू नयेत. पोटाच्या विकारांच्या तज्ज्ञाला दाखवावे. दाहविकाराचे निदान झालेल्या व्यक्तीला प्रतिकार वाढवण्याचे काढे आणि गोळ्या प्रेमापोटीही देऊ नयेत; काही द्यायचेच असेल तर तिच्या डॉक्टरांना आधी विचारावे. आणि बरे वाटू लागले म्हणून औषध आपल्या मनाने बंद करण्यास उत्तेजन देऊ नये. ही आग राखेखाली दीर्घकाळ धुमसत राहते.

चौथी गोष्ट वैद्यकाची नाही, आपल्या घरांची आहे. आपल्या सुसंस्कृत मध्यमवर्गीय घरांत हृदयविकार सांगता येतो, मधुमेह सांगता येतो. शौचाविषयी मात्र बोलता येत नाही. विशेषतः मुलींना आणि सुनांना. प्रवास टाळणे, लग्नकार्यात न जेवणे, परीक्षेला न बसणे यांमागे असा न सांगितलेला आजार असू शकतो. ज्याला उच्चारायला शब्द नाही, ते दुःख माणसाला एकट्यानेच सोसावे लागते. हा शब्द देण्याचे काम डॉक्टरांच्या चिठ्ठीने होणार नाही. ते भाषेचे काम आहे, आणि म्हणून ग्रंथालयाचेही आहे.

गेली शंभर वर्षे या वास्तूने कथा-कादंबऱ्यांबरोबर आरोग्याची आणि विज्ञानाची पुस्तके वाचकांच्या हाती दिली. पुढील शतकात त्या कपाटात आजच्या शरीरशास्त्रावरील स्वच्छ मराठीतील पुस्तके वाढावीत, आणि ती मागण्यास कोणाला संकोच वाटू नये, अशी इच्छा व्यक्त करतो.